ब्रेन ट्युमरचा एमआरआय कसा वाचायचा: कोणता ट्युमर आहे हे ओळखायच्या पायऱ्या

नवीन रेसिडेंट ब्रेन ट्युमरची केस उघडतो तेव्हा बहुतेक वेळा थेट कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून औषध देऊन काढलेल्या) इमेजवर जातो, कारण तिथं गाठ पांढरी चकाकते आणि लगेच काहीतरी सापडल्यासारखं वाटतं, मग कडेची ती रिंग बघून डोक्यात "जीबीएम" (ग्लायोब्लास्टोमा, मेंदूचा घातक ट्युमर) बसतं आणि नंतर समोर दुसरं काही दिसलं तरी ते निघत नाही. माझं म्हणणं असं आहे की कॉन्ट्रास्ट मुद्दाम उशिरा बघा. आधी चार प्रश्नांची उत्तरं घ्या, हा ट्युमरच आहे का, मेंदूच्या आत आहे की बाहेर, पेशंटचं वय काय आणि गाठ नेमकी कुठंय, आणि सीटी व डिफ्युजन (पाणी किती मोकळं हलतंय ते दाखवणारा एमआरआय) काय सांगतायत. एवढं झालं की यादी तीन-चार नावांवर येते आणि मग कॉन्ट्रास्ट, पर्फ्युजन (गाठीतला रक्तपुरवठा) त्यातून निवड करायला मदत करतात.

हे मुख्यतः रेडिओलॉजीच्या रेसिडेंटसाठी लिहितोय, पण न्युरोसर्जरी किंवा मेडिसिनवाल्यांना चालेल, आणि घरात कुणाचा रिपोर्ट आलाय आणि त्यातलं काही कळत नाहीये अशा नातेवाईकांनाही बरंचसं समजेल. नातेवाईकांना एकच विनंती, यावरून घरी बसून निदान ठरवू नका. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानंतर तर कितीतरी ट्युमरचं नावसुद्धा जनुकीय तपासणीशिवाय पूर्ण होत नाही. इमेजिंगचं काम शक्यता कमी करणं आणि पुढचं पाऊल बरोबर टाकायला लावणं.

सुरुवात करायच्या आधी

फॉर्मवर नुसतं "डोकेदुखी, एसओएल?" (एसओएल म्हणजे जागा व्यापणारी गाठ) लिहून आलेलं असतं. तेवढ्यावर वाचायला बसू नका, नातेवाईक बाहेर बाकावरच असतात, पाच मिनिटं जाऊन बोला. त्रास कधीपासून आहे, फिट आली का, ताप, वजन उतरलंय का, घरात कुणाला टीबी झालाय का, आधी कुठला कॅन्सर, एचआयव्ही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड) चालू केलंय का आणि किती दिवस झाले. स्टेरॉईडने सूज उतरते, एन्हान्समेंट (कॉन्ट्रास्टने चमकणं) कमी होतं, आणि लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कॅन्सर) असेल तर गाठ जवळपास गायबसुद्धा होऊ शकते, त्यामुळे ही माहिती नसताना दिलेला रिपोर्ट अर्धा आंधळा असतो.

मग प्रोटोकॉल पूर्ण आहे का ते बघा. टी वन, टी टू, फ्लेअर (मोकळ्या पाण्याचा सिग्नल दाबलेला टी टू), डिफ्युजन आणि त्याचा एडीसी मॅप (पाणी किती हलतंय त्याचा आकडा), एसडब्ल्यूआय (रक्ताचे ठिपके दाखवणारा), आणि कॉन्ट्रास्टनंतरचा थ्री-डी टी वन, एवढं हवंच. कॉन्ट्रास्टच्या आधीचा टी वन घेतला नसेल तर रक्त, चरबी, मेलॅनिन, प्रोटीनवालं पाणी हे सगळं आधीपासूनच पांढरं होतं की कॉन्ट्रास्टने झालं ते सांगता येत नाही. पर्फ्युजन करायचं असेल तर ते इंजेक्शन जातानाच होतं, त्यामुळे टेक्निशियनला आधी सांगून ठेवा, नंतर आठवून उपयोग नाही. गॅडोलिनियमचा (कॉन्ट्रास्टच्या औषधाचा) नेहमीचा डोस किलोला ०.१ मिलीमोल, आणि क्रिएटिनिन बघितल्याशिवाय देऊ नका, ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) ३० च्या खाली असेल तर गरज आहे का आणि कोणता एजंट वापरायचा याचा विचार करूनच द्या.

अजून एक, फिल्मचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो बघून मत देऊ नका. फोटोत एडीसी मोजता येत नाही, विंडो बदलता येत नाही, आणि नेमकी तीच स्लाइस नसते जी हवी असते. सीडी किंवा डायकॉम (स्कॅनच्या मूळ फाइल) मागा.

पायरी १: मुळात हा ट्युमर आहे का?

ही पायरी आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ घेऊन करायची. परदेशी पुस्तकांत रिंग एन्हान्समेंटची यादी ग्लायोब्लास्टोमा आणि मेटास्टॅसिसने (दुसरीकडच्या कॅन्सरची मेंदूत आलेली गाठ) सुरू होते, आपल्याकडे तरुण पेशंट असेल तर ट्युबरक्युलोमा (टीबीची गाठ) आणि न्युरोसिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळीची गाठ) हे दोन बसल्याशिवाय यादी सुरूच करू नये. गोळ्यांनी बरा होणारा आजार ट्युमर समजून कवटी उघडायची वेळ येऊ नये एवढ्यासाठी.

ट्युबरक्युलोमाची खूण टी टू वर शोधा. आत घट्ट केसिएशन (टीबीने मेलेला चीजसारखा भाग) असेल तर मधला भाग टी टू वर काळा दिसतो, हे ग्लायोब्लास्टोमाच्या नेक्रोसिसच्या (मेलेल्या भागाच्या) अगदी उलट आहे, कारण तिथलं सडलेलं पाणी टी टू वर पांढरं असतं. बऱ्याचदा दोन-चार गाठी एकमेकींना चिकटलेल्या असतात, मेंदूच्या तळाशी आवरणं चमकतात, छातीच्या एक्स-रेमध्ये काहीतरी असतं. स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं मोजणाऱ्या तपासणीत) १.३ पीपीएमला लिपिडचा मोठा पीक येतो आणि कोलिन तेवढं वाढलेलं नसतं. पण केसिएशन वितळलेलं असेल तर मधला भाग टी टू वर पांढराच दिसतो आणि डिफ्युजनवर रेस्ट्रिक्शनही (पाण्याची हालचाल अडलेली) येऊ शकतं, तेव्हा तो पूच्या गळवासारखा दिसतो, हे लक्षात ठेवा.

सिस्टिसर्कोसिसची गाठ सहसा २ सेंटिमीटरपेक्षा लहान असते आणि पातळ स्लाइसमध्ये नीट शोधलं तर आत किड्याच्या डोक्याचा ठिपका, म्हणजे स्कोलेक्स, दिसतो. तो दिसला की वाद संपला. दुसरीकडे सीटीवर एखादा जुना कॅल्सिफाइड ठिपका सापडला तर त्याचंही वजन धरा.

पूचं गळू, म्हणजे अ‍ॅब्सेस, ओळखायला डिफ्युजनसारखी गोष्ट नाही. मधला द्रव डिफ्युजनवर पांढराफटक आणि एडीसीवर काळा असेल, कड पातळ आणि गुळगुळीत असेल, एसडब्ल्यूआयवर दुहेरी कड दिसत असेल, तर अ‍ॅब्सेस म्हणा आणि सर्जनला फोन करा, ताप नसला तरी. ग्लायोब्लास्टोमात रेस्ट्रिक्शन असलंच तर ते कडेच्या घट्ट भागात असतं, मधल्या पाण्यात नाही.

डिमायलिनेशनची (मज्जातंतूंवरचं आवरण जाण्याची) मोठी गाठही फसवते. तिथं रिंग पूर्ण नसते, ग्रे मॅटरच्या बाजूला उघडी असते, आकाराच्या मानाने दाब कमी असतो आणि पर्फ्युजन वाढलेलं नसतं. आणि इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) विसरू नका, दोन-तीन आठवड्यांचा इन्फार्क्ट सूज आणि एन्हान्समेंट दोन्ही दाखवतो, पण तो एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसतो आणि ग्रे-व्हाइट दोन्ही धरतो. शंका असेल तर थोड्या आठवड्यांनी परत स्कॅन करा, इन्फार्क्ट आक्रसतो, ट्युमर नाही.

पायरी २: मेंदूच्या आत की बाहेर?

म्हणजे इंट्रा-अ‍ॅक्सियल की एक्स्ट्रा-अ‍ॅक्सियल. या एका उत्तराने सगळी यादी बदलते. बाहेरची गाठ मेंदूला ढकलते, त्यामुळे गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये टी टू वर सीएसएफची (मेंदूभोवतीच्या पाण्याची) पांढरी बारीक रेघ दिसते, पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्या आत ढकललेल्या दिसतात, आणि कॉर्टेक्स (मेंदूचा वरचा थर) दबून गाठ आणि व्हाइट मॅटरच्या मध्ये सापडतो. आतली गाठ कॉर्टेक्सला फुगवते किंवा त्यातून पसरते. कोरोनल आणि सॅजिटल दोन्ही बघा, नुसत्या अ‍ॅक्सियलवर कवटीच्या माथ्याजवळच्या आणि तळाच्या गाठी हमखास चकवतात.

मोठ्यांमधला सगळ्यात कॉमन प्रायमरी ट्युमर मेनिन्जिओमा, तो बाहेरचा. ड्युरावर (मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणावर) रुंद बैठक, ग्रे मॅटरसारखाच सिग्नल, कॉन्ट्रास्ट दिला की सगळीकडे एकसारखा चमकतो, ड्युरल टेल (गाठीशेजारी ड्युराची शेपटीसारखी चमकणारी रेघ), सीटीवर कॅल्सिफिकेशन आणि शेजारचं हाड जाड झालेलं. स्पेक्ट्रोमध्ये एनएए नसतो, कारण तिथं न्युरॉनच नाहीत, आणि कधीकधी १.४७ पीपीएमला अ‍ॅलनिन दिसतं. ड्युरल टेल मात्र फक्त मेनिन्जिओमाची मक्तेदारी नाही. ब्रेस्ट किंवा प्रोस्टेट कॅन्सरचा पेशंट असेल तर ड्युरल मेटास्टॅसिसही असाच दिसतो. हाड जाड होण्याऐवजी खाल्लं गेलंय, कॅल्सिफिकेशन अजिबात नाही, आत मोठ्या फ्लो व्हॉइड (जोरात वाहणाऱ्या रक्ताच्या काळ्या खुणा) आहेत, बैठक अरुंद आहे, तर सॉलिटरी फायब्रस ट्युमरचं नाव लिहा, सर्जनला रक्तस्रावाची तयारी ठेवायला लागते.

कानामागच्या कोपऱ्यात, म्हणजे सीपी अँगलला, बहुतेक वेळा श्वानोमा (नसेच्या आवरणाचा ट्युमर) निघतो. तो इंटरनल ऑडिटरी कॅनालमध्ये घुसतो आणि तो कॅनाल रुंद करतो, मोठा झाला की आत सिस्ट होतात आणि एसडब्ल्यूआयवर बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. मेनिन्जिओमा तिथं पेट्रस हाडावर पसरून बसतो, कॅनाल सहसा रुंद करत नाही. दोन्ही बाजूंना श्वानोमा असतील तर एनएफ-२ चा (एका आनुवंशिक आजाराचा) विचार, मग घरातल्या लोकांचीही चौकशी. तिसरा एपिडर्मॉइड, टी वन-टी टू वर हुबेहूब पाण्यासारखा, पण डिफ्युजनवर पांढरा, अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट डिफ्युजनवर काळीच राहते. एका सिक्वेन्सने निकाल लागतो अशा थोड्या जागांपैकी ही एक.

पायरी ३: वय आणि जागा

मुलांमध्ये पोस्टिरिअर फोसा (कवटीचा मागचा-खालचा भाग) आधी बघा, चौथ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) आसपासचे तीन ट्युमर तिथं सतत समोर येतात. मेड्युलोब्लास्टोमा मिडलाइनला, व्हर्मिसमधून (छोट्या मेंदूच्या मधल्या भागातून) किंवा व्हेंट्रिकलच्या छतापासून निघतो, सीटीवर दाट आणि एडीसीवर काळा. पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा सेरेबेलममध्ये (छोट्या मेंदूत) मोठी सिस्ट आणि तिच्या भिंतीला चमकणारी गाठ असा असतो, एडीसी खूप जास्त. एपेन्डिमोमा व्हेंट्रिकलच्या तळापासून निघून लुश्का आणि माजेंडीच्या भोकांतून बाहेर वाहत येतो, आणि कॅल्सिफिकेशन त्यात भरपूर मिळतं. एडीसीचे आकडेही मदत करतात, घट्ट भागात ०.९ च्या खाली म्हणजे वर्कस्टेशनवर ९०० च्या खाली असेल तर मेड्युलोब्लास्टोमाकडे, १.४ च्या वर म्हणजे १४०० च्या पुढे असेल तर पायलोसायटिककडे कल, एपेन्डिमोमा मधे कुठेतरी. मेड्युलोब्लास्टोमाची शंका आली की त्याच वेळी अख्ख्या मणक्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय सुचवा, हा सीएसएफमधून खाली पसरतो, आणि ऑपरेशननंतर केला तर सांडलेलं रक्त आणि पसरलेला आजार यात गोंधळ होतो.

मुलाचा पॉन्स (ब्रेनस्टेमचा मधला भाग) फुगलाय, अर्ध्याहून जास्त भाग व्यापलाय आणि बॅसिलर आर्टरी त्यात वेढली गेलीय, तर डिफ्युज मिडलाइन ग्लायोमा (पसरत जाणारा घातक ट्युमर). हा रिपोर्ट लिहिताना हात जड होतो, पण गोलमोल लिहिलं तर आई-बाप एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात फिरत राहतात, त्यामुळे स्पष्ट लिहावं.

मोठ्या माणसाच्या सेरेबेलममध्ये एकच गाठ दिसली तर पहिलं नाव मेटास्टॅसिस. प्रायमरीमध्ये पहिला हिमँजिओब्लास्टोमा, सिस्ट आणि कडेला जोरात चमकणारी छोटी गाठ, शेजारी फ्लो व्हॉइड. एकाहून जास्त असतील तर व्हीएचएल (एक आनुवंशिक आजार), मग किडनी आणि डोळ्याचा पडदा तपासायला लिहा.

सेलाच्या (पिट्युटरी ग्रंथी बसते त्या हाडाच्या खळगीच्या) भागात पिट्युटरी अ‍ॅडिनोमा सगळ्यात कॉमन. १० मिलिमीटरच्या वर गेला की मॅक्रो म्हणायचं. सेला मोठी झालीय आणि गाठीपासून पिट्युटरी वेगळी दिसत नाही तर अ‍ॅडिनोमा, पिट्युटरी खाली वेगळी दिसतेय आणि सेला नॉर्मल तर वरून आलेला मेनिन्जिओमा. मूल असेल, सिस्ट असतील आणि सीटीवर कॅल्शिअम असेल तर क्रेनिओफॅरिन्जिओमा. इथं दोन गोष्टी जीव तोडून सांगतो. एक, प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका, प्रोलॅक्टिनोमा बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आक्रसतो, ऑपरेशन लागत नाही. दुसरी, गोल गाठीत फ्लो व्हॉइड किंवा पल्सेशनचे पट्टे दिसले तर आधी अँजिओ करा. कॅरोटिडचा अ‍ॅन्युरिझम ट्युमर समजून नाकातून उघडला तर पेशंट टेबलावर जातो.

पिनिअल ग्रंथीच्या जागी गाठ आणि पेशंट तरुण मुलगा असेल तर जर्मिनोमा आठवा आणि रक्तात एएफपी, बीटा एचसीजी (ट्युमर मार्कर) मागवा. व्हेंट्रिकलच्या आत, सेप्टम पेलुसिडमला चिकटलेला, बुडबुड्यांसारखा दिसणारा आणि पेशंट विशी-तिशीतला, तर सेंट्रल न्युरोसायटोमा. मन्रोच्या भोकाशी चमकणारी गाठ आणि ट्युबरस स्क्लेरोसिसच्या बाकी खुणा असतील तर सेगा (याच आजारात होणारा हळू वाढणारा ट्युमर). फिट्सचा जुना त्रास असलेला तरुण, टेम्पोरल लोबमध्ये कॉर्टेक्सला धरून छोटी गाठ, तर गँगलिओग्लायोमा किंवा डीनेट (दोन्ही हळू वाढणारे ट्युमर).

पायरी ४: सीटी आणि डिफ्युजन, पेशी किती दाट?

एमआरआय झाला की सीटी बाजूला टाकतात, तसं करू नका. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅनच ब्रेन ट्युमरसाठी झाला होता, १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये, फ्रंटल लोबमध्ये ट्युमरची शंका असलेल्या एका बाईचा. आजही कॅल्शिअम आणि हाड बघायला सीटीच चांगला, आणि तालुक्याच्या ठिकाणी पेशंटचा पहिला स्कॅन सीटीच झालेला असतो, त्यामुळे तो आयता हातात असतो.

कॉन्ट्रास्टशिवायच्या सीटीवर गाठ ग्रे मॅटरपेक्षा पांढरी दिसत असेल आणि ते रक्त किंवा कॅल्शिअम नसेल, तर पेशी खचाखच भरल्यात असा अर्थ. एडीसीसुद्धा तेच सांगतो, पेशी दाट असल्या की पाण्याला हलायला जागा उरत नाही आणि एडीसी कमी येतो. लिम्फोमा, मेड्युलोब्लास्टोमा, जर्मिनोमा, पिनिओब्लास्टोमा या सगळ्यांत हे दोन्ही सापडतं. डिफ्युजनवर पांढरं दिसलं की लगेच रेस्ट्रिक्शन म्हणू नका, टी टू शाइन थ्रूनेही (टी टू चा पांढरेपणा डिफ्युजनवर उतरल्यानेही) पांढरं दिसतं, एडीसीवर काळं आहे का ते बघूनच लिहा.

पायरी ५: आता कॉन्ट्रास्ट उघडा

कॉन्ट्रास्ट चमकणं म्हणजे ब्लड ब्रेन बॅरिअर (रक्त आणि मेंदूमधला अडसर) तुटलेला आहे किंवा त्या जागी तो मुळातच नाही, एवढंच. चमकतंय म्हणजे कॅन्सर आणि चमकत नाही म्हणजे साधं, हे चूक आहे. पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ग्रेड १ असून झगझगतो.

मोठ्यांच्या मेंदूत आतली, चमकणारी गाठ आली की खरा सामना तिघांत, ग्लायोब्लास्टोमा, मेटास्टॅसिस आणि लिम्फोमा.

ग्लायोब्लास्टोमाची रिंग जाड, ओबडधोबड, आतून खडबडीत, मधे नेक्रोसिस, एसडब्ल्यूआयवर रक्ताचे काळे ठिपके आणि वेड्यावाकड्या वाहिन्या. कॉर्पस कॅलोसममधून (मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या पुलातून) दुसऱ्या बाजूला जातो. भोवतीचा फ्लेअरवरचा पांढरा भाग नुसती सूज नसते, त्यात ट्युमरच्या पेशी पसरलेल्या असतात, म्हणून तो कधी कॉर्टेक्सपर्यंत चढतो, साधी सूज सहसा व्हाइट मॅटरमध्येच थांबते.

मेटास्टॅसिस ग्रे आणि व्हाइटच्या सीमेवर, गोल, आणि सूज गाठीच्या मानाने कितीतरी जास्त. अनेक असतील तर सोपं, एकच असेल तर खरी अडचण, तेव्हा पातळ स्लाइसवर दुसरी छोटी गाठ चिकाटीने शोधा. फुप्फुस आणि ब्रेस्ट हे मुख्य उगम. रक्तस्राव झालेला असेल तर मेलॅनोमा, किडनी, थायरॉइड, कोरिओकार्सिनोमा आठवा. डोक्याला हात लावायच्या आधी छाती-पोटाचा सीटी सुचवा, फुप्फुसातली गाठ सापडली तर कदाचित तिथून बायोप्सी घेणं सोपं जाईल.

लिम्फोमा व्हेंट्रिकलच्या कडेला किंवा कॉर्पस कॅलोसममध्ये, सीएसएफच्या पृष्ठभागाला टेकलेला, एकसारखा चमकणारा, एडीसी कमी, सीटीवर दाट, आणि उपचार सुरू व्हायच्या आधी आत रक्ताचे ठिपके जवळजवळ नसतात. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये मात्र हाच रिंगसारखा दिसतो आणि टॉक्सोप्लाझ्माशी (मेंदूच्या एका संसर्गाशी) गल्लत होते. लिम्फोमाची शंका आली तर रिपोर्ट टाइप करायची वाट बघू नका, फोन उचला आणि सांगा की पेशंट खालावत नसेल तर बायोप्सीपर्यंत स्टेरॉईड थांबवा. एकदा स्टेरॉईड गेलं की बायोप्सीत नुसत्या मेलेल्या पेशी येऊ शकतात आणि निदान आठवड्यांनी मागे पडू शकतं. शिवाय या आजाराला पूर्ण गाठ काढायचं ऑपरेशन हा मुख्य इलाज नाही, मेथोट्रेक्सेटवर आधारलेली केमो आहे, म्हणजे तुमच्या एका फोनवर ऑपरेशन कोणतं होणार ते ठरतं.

पायरी ६: पर्फ्युजन आणि स्पेक्ट्रो

डीएससी पर्फ्युजनमध्ये आरसीबीव्ही (गाठीत रक्त तुलनेने किती आहे तो आकडा) बघायचं, समोरच्या बाजूच्या नॉर्मल व्हाइट मॅटरशी तुलना करून. ग्लायोब्लास्टोमात जास्त, लिम्फोमात त्या मानाने कमी आणि कर्व्ह परत येताना बेसलाइनच्या वर जातो. ग्लायोब्लास्टोमा की एकटा मेटास्टॅसिस, हे ठरवायचं असेल तर आरओआय (मोजायची जागा) गाठीवर नाही, गाठीच्या बाहेरच्या सुजेवर ठेवा, ग्लायोब्लास्टोमात तिथंही वाढलेलं मिळतं कारण पेशी पसरल्यात, मेटास्टॅसिसमध्ये तिथं नुसतं पाणी असतं म्हणून कमी. लो ग्रेड-हाय ग्रेडसाठी १.७५ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा ग्रेड २ असूनही आरसीबीव्ही वाढवतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर ग्रेड ठरवू नका. मेनिन्जिओमातही ते खूप वाढलेलं असतं, त्याचा अर्थ घातक असा नाही.

स्पेक्ट्रोत कोलिन ३.२ ला, क्रिएटिन ३.० ला, एनएए २.० ला, लॅक्टेट १.३ ला. कोलिन वाढलं आणि एनएए उतरलं की ट्युमर, हे ढोबळ खरं, पण डिमायलिनेशनमध्येही हेच दिसतं. व्हॉक्सेल (मोजायचा चौकोन) नेक्रोसिसमध्ये, रक्तात किंवा हाडाजवळ ठेवला तर आलेला ग्राफ वापरू नका. स्पेक्ट्रो एकट्याने निदान करत नाही, आधी बनलेल्या मताला दुजोरा देते किंवा शंका घालते, यापेक्षा जास्त भार तिच्यावर टाकू नये असं मला वाटतं.

पायरी ७: न चमकणारी ग्लायोमा

तरुण पेशंट, फिट आली म्हणून स्कॅन, टी टू वर पांढरा भाग आणि कॉन्ट्रास्ट काहीच नाही. पूर्वी इथं "लो ग्रेड ग्लायोमा" लिहून मोकळे व्हायचे. आता प्रश्न आयडीएच या जनुकात म्युटेशन (बदल) आहे का, याचा आहे.

टी टू वर गाठ एकसारखी पांढरी आणि फ्लेअरवर मात्र आतला भाग काळवंडलेला, फक्त कडेला पांढरी रेघ उरलेली, याला टी टू-फ्लेअर मिसमॅच म्हणतात, २०१७ मध्ये हे चिन्ह मांडलं गेलं. मोठ्यांमध्ये ते नीट, पूर्ण दिसलं तर आयडीएच म्युटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमावर जवळजवळ शिक्का. पण दिसलं नाही म्हणून काही नाकारता येत नाही, आणि मुलांमध्ये ते वापरू नका, तिथं डीनेटसारखे ट्युमरही असं दाखवतात. दुसरीकडे फ्रंटल लोब, कॉर्टेक्सपर्यंत आलेली गाठ, कडा धूसर आणि सीटीवर कॅल्शिअम, तर ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा, ज्यात आयडीएच म्युटेशनसोबत १पी/१९क्यू कोडिलिशन (क्रोमोझोम १ आणि १९ चे ते भाग गळलेले) असावं लागतं.

आणि पन्नाशी-साठीचा पेशंट, न चमकणारा पण पसरलेला भाग, तर जास्त सावध व्हा. आयडीएच वाइल्डटाइप (म्युटेशन नसलेल्या) ग्लायोमात टर्ट प्रमोटर म्युटेशन, ईजीएफआर जनुकाचं अ‍ॅम्प्लिफिकेशन किंवा क्रोमोझोम ७ वाढून १० गेलेला, यापैकी एकही सापडलं तर २०२१ पासून तो ग्लायोब्लास्टोमाच धरतात, स्कॅनवर आणि स्लाइडवर नेक्रोसिस नसलं तरी. अशा पेशंटला "सहा महिन्यांनी परत या" लिहून पाठवू नये. बायोप्सी कुठून घ्यायची तेही सुचवा, सगळ्यात जास्त आरसीबीव्ही किंवा सगळ्यात कमी एडीसी असलेली जागा, नाहीतर चुकीच्या कोपऱ्यातून तुकडा येतो आणि ग्रेड कमी लागतो.

हल्ली एआयबद्दल सगळे विचारतात. ब्रॅट्स ही ट्युमरची हद्द आखायची स्पर्धा २०१२ पासून चालू आहे आणि आखणीत सॉफ्टवेअर खरंच छान झालंय. पण ग्लायोमा, मेनिन्जिओमा, पिट्युटरी असे तीनच प्रकार असलेल्या डेटावर भरघोस अ‍ॅक्युरसी दाखवणारं मॉडेल ट्युबरक्युलोमा समोर आला तर त्याला या तिघांतलंच एक नाव देणार, कारण त्याला चौथं माहीतच नाही. प्रोजेक्ट करणाऱ्या इंजिनिअर मुलांनी एकाच पेशंटच्या स्लाइस ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीत जाऊ देऊ नयेत, पेशंटप्रमाणे वाटणी करावी.

पायरी ८: रिपोर्ट

इम्प्रेशनमध्ये आठ नावं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. पहिलं नाव, दुसरं नाव, आणि पहिलं का हे एका ओळीत. उदाहरणार्थ, "डाव्या फ्रंटल लोबमधली, कॉर्टेक्सला धरून असलेली, न चमकणारी, कॅल्सिफिकेशन असलेली गाठ, ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमाची शक्यता जास्त, त्याखालोखाल अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच आणि १पी/१९क्यू तपासावं". भाषा आणि हातापायाच्या भागापासून गाठ किती लांब आहे, मिडलाइन किती मिलिमीटर सरकलीय, व्हेंट्रिकल फुगलेत का, हे पहिल्या काही ओळींत. हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी तुंबणं) किंवा हर्निएशन (दाबाने मेंदू जागेवरून सरकणं) असेल तर फोन, आणि फोन कुणाला किती वाजता केला ते रिपोर्टमध्ये.

ट्रीटमेंटनंतरचा स्कॅन

इथं कोणता ट्युमर हा प्रश्न नसतो, ट्युमर आहे की उपचाराचा परिणाम हा असतो. ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय शक्यतो ४८ तासांत, फार तर ७२ तासांत हवा, त्यानंतर कापलेल्या कडाही चमकायला लागतात आणि उरलेली गाठ कुठली ते कळत नाही. डिफ्युजन त्याही स्कॅनमध्ये घ्या, ऑपरेशनच्या कडेला झालेला छोटा इन्फार्क्ट पुढे काही आठवड्यांनी चमकतो आणि ट्युमर परत आला असं वाटतं.

ग्लायोब्लास्टोमात रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड (केमो) संपल्यावर पहिल्या १२ आठवड्यांत चमकणारा भाग वाढलेला दिसला तर लगेच "रिकरन्स" लिहू नका, स्युडोप्रोग्रेशन (उपचारामुळे दिसणारी खोटी वाढ) असू शकतं, एमजीएमटी हे जनुक मिथायलेटेड असेल तर जास्तच. रेडिएशनच्या हद्दीबाहेर नवीन गाठ आली तर गोष्ट वेगळी. पर्फ्युजन बघा, कमी असेल तर रेडिएशनच्या परिणामाकडे कल. पेट स्कॅन करायचाच असेल तर साध्या एफडीजीवर (ग्लुकोजच्या ट्रेसरवर) फार विसंबू नका, नॉर्मल ग्रे मॅटरच इतकं ग्लुकोज खातं की गाठ त्यात बुडून जाते, एफईटी, डोपा किंवा मेथिओनिन (अमिनो आम्लाचे ट्रेसर) मिळत असेल तर ते चांगले. मेथिओनिनचा कार्बन-११ फक्त २० मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे तो जिथं सायक्लोट्रॉन आवारातच आहे तिथंच होतो, पेशंटला पाठवायच्या आधी चौकशी करा.

नातेवाईकांनी करायचं काम एकच पण फार मोलाचं, सगळ्या स्कॅनच्या सीडी तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये ठेवा, ऑपरेशनच्या आधीची पहिली सुद्धा, आणि दर वेळी सगळ्या सोबत आणा. नुसत्या मागच्या स्कॅनशी तुलना केली तर हळूहळू वाढणारी गाठ प्रत्येक वेळी "जवळपास तशीच" दिसते, दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनशेजारी ठेवली की वाढ लगेच दिसते.